गिट्टीखदान ते धापेवाडा

दिंडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, फेटरी मागे पडलं होतं आणि कळमेश्वर अजून दूर होतं, तेव्हा माझ्या उजव्या टाचेचा फोड फुटला आणि मी मावशींवर चिडले. त्या पुढे होत्या, विणेकऱ्याच्या मागच्या ओळीत, डोक्यावर तुळस. मी दोनदा हाक मारली. टाळांच्या गजरात ती माझ्याच कानांपर्यंत पोचली नाही. मला इथे आणलं यांनी, आणि आता मी आहे की नाही हेही यांना ठाऊक नाही, असं काहीबाही मनात येत होतं. बाजूने एमआयडीसीचे ट्रक चिखल उडवत जात होते.

या मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. दवाखान्यात आयाबायांना सगळे मावशी म्हणतात आणि आम्हा नर्सांना सिस्टर. एकाच वॉर्डात पंचवीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, दोघी निवृत्त झालो, तरी हाक तीच राहिली. त्यांच्या नातवंडांची मी ‘सिस्टरआजी’ आहे. नाताळला त्यांच्या घरी आमच्याकडून करंज्या जातात, आणि धापेवाड्याहून आल्या की पहिला प्रसाद माझ्या हातावर पडतो. इतक्या वर्षांत ‘तुम्हीही चला’ असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

पंढरपूर आमच्या भागातल्या सगळ्यांनाच कुठे झेपतं? इकडची श्रद्धा अशी की आषाढी पौर्णिमा झाली की प्रतिपदेला विठ्ठल स्वतः धापेवाड्याला येतो. नदीचं नावही चंद्रभागाच. नागपूरच्या गिट्टीखदानहून काटोल रोडने फेटरी, मग कळमेश्वर, मग धापेवाडा. सगळं मिळून 35-40 किलोमीटर. म्हाताऱ्या बायका बऱ्याच असल्याने आमच्या दिंडीला दोन मुक्काम लागतात.

टाळ मला परका नव्हता. आमच्या सदरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझे आजोबा टाळ धरायचे. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा हात सोडला नाही. ख्रिस्ताची गाणी त्यांनी अभंगात लिहिली आणि आम्ही ती अजून टाळ-तबल्यावर म्हणतो. त्यामुळे दिंडी निघाली आणि ठेका धरला गेला तेव्हा माझे पाय आपोआप त्यात गेले. ओठ मात्र गप्प होते. तसे ते चर्चमध्येही गप्पच असायचे, आणि तेच तर माझं दुखणं होतं.

‘तुम्ही किरिस्ताव नं वो? मंग काहून आल्या?’ असं दिंडीतल्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी दोनदा विचारलं. मंडळीतल्याही एकांनी निघण्याआधी हेच विचारलं होतं, जरा कडक शब्दांत. मी दोघांनाही उत्तर दिलं नाही. द्यायचं तर एप्रिल 2021 पासून सुरुवात करावी लागली असती.

त्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, नागपुरात काय चाललं होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. ह्यांचा ऑक्सिजन उतरत गेला. जिथे मी आयुष्यभर नोकरी केली तिथे फोन केला. खाट नव्हती. खरंच नसेल. पण फोनवरच्या आवाजाने मला ओळखूनही ‘पेशंटचं नाव काय’ असं विचारलं, ते माझ्या कानातून अजून जात नाही. पहाटे मावशी, त्यांचा मुलगा, एक ऑटोवाला आणि मी, अशा चौघांनी ह्यांना दुसऱ्या मजल्यावरून चादरीच्या झोळीत खाली आणलं. वळणावर मावशींचा खांदा भिंतीला घासून सोलून निघाला. तीन दवाखाने फिरलो. चौथ्या ठिकाणी जागा मिळाली, आणि दोन दिवसांनी हे गेले. जरीपटक्याच्या कब्रस्तानात आत मोजकी माणसं सोडत होते. मावशी फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहिल्या, मी बाहेर येईपर्यंत.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षघाती माणसाला खाटेवर घालून आणतात. गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, म्हणून छप्पर उस्तरतात आणि त्याला येशूपुढे खाली सोडतात. रविवारच्या शाळेत मी हा भाग मुलांना कितीदा शिकवला असेन. ह्यांच्यानंतर तो वाचता येईना. आम्हीही चौघं होतो. आम्हीही उचलून नेलं. मग आमचंच छप्पर का उघडलं नाही? ह्याच प्रश्नाशी माझी प्रार्थना थांबली ती थांबलीच. चर्चला जायचे, उभी राहायचे, बसायचे. आतून काही उमटत नव्हतं.

हे मी एकट्या मावशींना सांगितलं. गेल्या आषाढात त्या घरी आल्या, चहा झाला, आणि म्हणाल्या, ‘सिस्टर, चाला माझ्यासंगं. तुम्हाले काही म्हणाचं नाही, हात जोडाचे नाही. फक्त पाय टाका. तुमच्या वाटचंबी मीच म्हणून घेईन.’

पहिल्या दिवशी जुनापाणीच्या आसपास पाऊस धरून आला. तिथे शेतांत मोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, लोहयुगातली, खाली पुरलेली माणसं. मी हिस्लॉप कॉलेजची विद्यार्थिनी, म्हणून मला स्टीफन हिस्लॉप आठवले. स्कॉटलंडहून 1845 साली ते नागपूरला आले, इथे शाळा काढली, दगड-जीवाश्म गोळा केले. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची अशीच शिळावर्तुळं बघून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. देवाच्या कामाला आलेला माणूस एका नाल्यात गेला, हे लहानपणी आजोबांकडून ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, देवाने का नाही वाचवलं? आजोबांनी टाळ पुसत पुसत म्हटलं होतं, मलाही ठाऊक नाही गं. पुढचा नाला ओलांडताना पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. मावशींनी माझं मनगट धरलं होतं. चांगलं घट्ट, रात्री वळ दिसत होता.

फेटरीचा मुक्काम शाळेत. पिठलं-भाकरी, हरिपाठ, झोप.

तर तो फोड. मी नर्स. फोड फोडू नये, झाकून ठेवावा, कोरडे मोजे घालावे हे दुसऱ्यांना हजारदा सांगितलेलं. पण नव्या कोऱ्या बुटांची मागची कड टाचेत रुतत होती, मोजे ओले, आणि कातडं सुटून बुटाला चिकटलेलं. रस्त्याच्या कडेला टायर-पंक्चरचं दुकान दिसलं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर ताडपत्री, हवेची टाकी. समोर एक उलटा ठेवलेला डबा होता, त्यावर मी न विचारताच बसले. दिंडी पुढे गेली. टाळ हळूहळू ऐकू येईनासे झाले.

दुकानवाला पन्नाशीचा असेल. हात काळे, बोलणं कमी. माझ्या पायाकडे बघितलं आणि आत गेला. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने घमेल्यात कोमट पाणी घेऊन आला, त्यात मीठ टाकलं, आणि माझ्यासमोर उकिडवा बसून बूट काढू लागला. मी पाय मागे घेतला. ‘अहो नको, मी करते.’ तो म्हणाला, ‘वाकता नाही येणार तुमाले. राहू द्या.’

दर पवित्र गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याचा शास्त्रभाग वाचतात. पेत्र म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ते मला नेहमी पेत्राचं मोठेपण वाटायचं. त्या डब्यावर बसल्यावर कळलं की तसं काही नाही, लाज वाटते. दिंडीतही तेच झालं होतं. सगळे एकमेकांना माउली म्हणून वाकतात. एक दहा-बारा वर्षांची मुलगी माझ्या पायाशी आली तेव्हा मी चटकन बाजूला झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा धुतल्या. आपला पाय कुणाच्या हातात द्यायची सवयच नव्हती.

त्याने पाणी ओंजळीने टाचेवर सोडलं. झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, ते थांबेना. किती वेळ रडले सांगता येणार नाही. तो काही बोलला नाही, पाणी सोडत राहिला. घमेलं गार झालं तेव्हा पुन्हा स्टोव्हवरचं ओतलं. मग माझ्या पिशवीतली पट्टी मी लावली, आणि त्याने तो बूट हातात घेतला, फिरवून बघितला, खिशातून ब्लेड काढलं. मी ‘अहो’ म्हणेपर्यंत त्याने मागची कड अर्धवर्तुळात कापून टाकली होती. नंतर ट्यूबला ठिगळ लावायच्या आधी जी कानस फिरवतात, ती त्या कापलेल्या कडेवरून फिरवली. बोटाने चाचपलं, पुन्हा फिरवली. आतून ट्यूबच्या रबराची पातळ पट्टी चिकटवली, वाळायला फुंकर घातली. पायात घातला तर टाच मोकळी. उभी राहिले, चार पावलं टाकली, दुखलं नाही.

पैसे विचारले तर मान हलवली. मी पर्स उघडली तेव्हा त्याला राग आल्यासारखं वाटलं. मग म्हणाला, ‘धापेवाड्याले चालल्या नं? पोरगं माझं दहावीत दोनदा बसलं. आता घरात बोलतच नाही कोणाशी. त्याच्यासाठी एक शब्द टाका.’

त्याला सांगायला हवं होतं का, की माझी विठ्ठलाशी तशी ओळख नाही, आणि ज्याच्याशी आहे त्याच्याशी बोलणं बंद आहे? मी म्हटलं, ‘टाकते.’

दिंडी गाठायला तासभर लागला. मावशी एका पुलाच्या कठड्याशी एकट्या उभ्या होत्या, तुळस दुसरीच्या डोक्यावर देऊन. मला बघताच रागावल्या, ‘सांगाचं नाही काय! माझा जीव कुठं ठिकाणावर राहते मंग?’ मी म्हटलं हाका मारल्या. त्या म्हणाल्या, नाही मारल्या. त्यावर आम्ही कळमेश्वरपर्यंत वाद घातला. मग त्यांनी माझी पिशवीही आपल्या खांद्यावर घेतली. त्याच, सोललेल्या.

कळमेश्वरला मुक्काम. रात्री कुणीतरी माईक सुरू ठेवला होता, त्याची घरघर पहाटेपर्यंत. शेजारच्या बाईंनी माझं पांघरूण ओढून घेतलं. मला देव आठवला नाही, फक्त घर आठवलं. मावशी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या. नामस्मरण असेल म्हणून दुर्लक्ष केलं, तर त्यात ह्यांचं नाव आलं. मग माझ्या मुलाचं, सुनेचं. मग ‘सिस्टरच्या पायाले आराम पडू दे’. मी डोळे मिटून पडून राहिले. शुभवर्तमानात एक वाक्य आहे, ज्यावरून मी शिकवताना नेहमी घाईने पुढे जायची: येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’ त्या माणसाला क्षमा केली. त्यांचा, म्हणजे खाट धरणाऱ्यांचा. खाटेवरच्याला विश्वास होता की नव्हता, मार्क लिहीतच नाही. त्या पहाटे आम्ही ह्यांना जिन्यातून उतरवलं तेव्हा मी चौघांतली होते. पण त्यानंतरची सगळी वर्षं मी खाटेवर होते, आणि एक कोपरा या बाईने सोडला नव्हता.

तिसरा दिवस पऱ्हाटीच्या शेतांमधून, ऊन-पाऊस, संत्र्यांच्या बागा. गावोगावच्या दिंड्या येऊन मिळत होत्या. धापेवाड्याचा कळस दिसला तशी सगळी पळायला लागली. मीही पळाले, कापलेल्या बुटात.

दर्शनाची रांग फार मोठी होती. मावशी म्हणाल्या, ‘येता काय?’ मी म्हटलं, पिशव्या सांभाळते. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी चंद्रभागेच्या काठी सगळ्यांच्या पिशव्या-चपलांजवळ बसले. पाणी गढूळ होतं, वर आलेलं. बायका ओट्या सोडत होत्या, कुणी फुगडी घालत होतं. मला पंक्चरवाल्याचा शब्द आठवला. तो मोडता येत नव्हता. म्हणून मी त्या मुलासाठी सुरुवात केली. नाव विचारायचं राहिलं होतं, तर ‘त्या पंक्चरवाल्याचा मुलगा’ असं म्हणाले. त्याचं झालं आणि थांबता आलं नाही. हे आमच्या स्वर्गातील पित्या. तुझे राज्य येवो. आमची रोजची भाकर. तिथवर आले. पुढे ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ आलं, आणि फोनवरचा तो आवाज कानात आला. ते वाक्य तोंडातून निघेना. खोटं म्हणवेना. तिथेच थांबले.

मावशी दीड-दोन तासांनी आल्या, कपाळाला बुक्का, हातात लाह्या-बत्ताशांचा द्रोण. माझ्या शेजारी बसल्या, द्रोण पुढे केला. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय समजलं कोण जाणे.

‘झालं काय म्हणून?’

‘अर्धं झालं मावशी. पुढे जाईना.’

त्यांनी एक बत्तासा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. ‘मंग बसा अजून. बस सहाची आहे.’