माळवद का काढलं? तुम्ही विचारलंत म्हणून

सोलापुरात गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, आलेला प्रत्येक जण अक्षता सोहळा बघून घरी येतो, मधल्या खणात, म्हणजे मधल्या खोलीत, उभा राहून वर बघतो आणि विचारतो, "माळवद का काढलंस गं?" पुण्याचे भाऊ विचारतात, हैदराबादची आत्या विचारते. गेल्या जानेवारीत तर धाकट्या भाचीच्या नवऱ्यानं विचारलं, आणि त्यानं माळवद, म्हणजे आपलं जुनं मातीचं छत, फक्त फोटोत पाहिलंय. गल्लीतल्या लोकांचा प्रश्न नेमका उलटा, "एवढा पैसा घातलात, सगळंच पाडून बांधायचं की." त्यांना मी उत्तर देत बसत नाही. तुम्हाला देते, कारण मिळकत पत्रिकेवर तुमचीही नावं आहेत.

माळवद काढायचं मी ठरवलेलं नव्हतं. उलट "स्लॅब टाक आणि मोकळी हो" असं धाकटा भाऊ म्हणाला तेव्हा ओसरीवर बसून मी त्याच्याशी कडाकडा भांडले होते. मे महिन्यात बाहेर 43 अंश असताना दुपारी आत डोळा लागतो तो डोक्यावरच्या मातीमुळे आणि दोन हात रुंद भिंतींमुळे. सिमेंटखाली आईला भाजून काढायचं नाही, असं मी ठणकावलं होतं. तेव्हाच्या त्या बाईचं म्हणणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. तिनं फक्त वर चढून माती मोजली नव्हती.

तुळया, त्यांवर कडीपाट म्हणजे लाकडी फळ्या, त्यावर पाला-काड्या, चिखल आणि वर पांढरी माती. दर वर्षी मिरगाच्या आधी नवी माती टाकायची, चोपायची, पन्हाळीकडे उतार द्यायचा. आजोबांनी टाकली, बाबांनी टाकली; काढली कुणीच नाही. मधल्या खणावर दीड फुटाचा थर निघाला. खण 10 बाय 15 फुटांचा, म्हणजे 225 घनफूट माती. घनफुटाला 50 किलो धरले तरी 11 टन, तेही कोरडी असताना. खाली आईची गादी.

किल्लारीच्या भूकंपाचं मोठ्यांना सांगायला नको, पण भाचेजावईही विचारतात म्हणून सांगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून झोपलेली माणसं असल्याच माळवदांखाली गेली. मेलेल्यांचा आकडा 10,000 च्या आसपास. धक्का मोठा होताच. पण भिंती कशा होत्या? आतून-बाहेरून दगड, मध्ये चिखल आणि चिपा, दोन्ही अंगांना धरून ठेवणारे आरपार दगड नाहीत. आणि वर हे ओझं. आपली भिंत तशीच आहे, मिस्त्रींनी खिडकीपाशी उकरून दाखवलं. सोलापूरही हललं होतं त्या पहाटे. बाबांनी कित्येक रात्री आम्हाला गल्लीत झोपवलं, आणि पुढच्या मिरगाला भीती ओसरल्यावर पुन्हा वर माती टाकली.

म्हणून ठरलं ते असं: सगळी माती उतरवायची, वाळवी लागलेली तुळई बदलायची, फळ्यांवर पातळ थर परत द्यायचा, भिंतीचे कोपरे बांधून घ्यायचे, आतून चुन्याचा गिलावा. (सिमेंटचा गिलावा मी मागच्या न्हाणीत बघून बसले आहे. मातीच्या भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडत नाही, मग पापुद्रेच्या पापुद्रे सुटतात.) फेब्रुवारीत सुरू करायचं आणि मेअखेर खण झाकायचा.

परवानगीला सहमालकांची संमती लागत होती. संक्रांतीला मी कागद तयार ठेवला होता. तुम्ही तिळगूळ घेतलात आणि "वाचून पाठवतो" म्हणालात. काकांनी तर, माहेरच्या घरात मुलीनं कशाला पडायचं, असंही विचारून घेतलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क 2005 सालीच मिळालाय, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांना आवडलं नाही. शेवटची सही श्रावणात आली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो माझ्या पाठीमागे विचारला जातो: भाद्रपदात माळवद कोण उघडतं?

कुणीच उघडत नाही. आपल्याकडे जून-जुलै नुसते ढग दाखवतात आणि खरा पाऊस सप्टेंबरात कोसळतो, हे मला कळतं. पण एका रात्री तुळईतून कट् असा आवाज आला आणि आईच्या उशाशी ओंजळभर माती पडली. सकाळी मिस्त्रींनी तुळईत सळई खुपसली, ती विनासायास आत गेली. "अक्का, ह्येच्यात लाकूडच नाही की. नुसती साल हाय." दिवाळीपर्यंत थांबा असं त्या सालीला सांगता येत नव्हतं. खाली जॅक लावले आणि माती उतरवायला घेतली. गल्लीत छोटा हत्ती टेम्पोशिवाय काही शिरत नाही, त्याच्याच खेपा चालू झाल्या.

खण पुरता उघडा झाला आणि शेजारच्या काकांनी हरकत घेतली. तुळयांची टोकं सामाईक भिंतीत. ठोकाठोकीनं त्यांच्या बाजूचा गिलावा पडला, ते दारात येऊन म्हणाले, "माझी भिंत घेऊन खाली येशील." त्यांनी अर्ज दिला, काम थांबवा असा कागद आला. मी मिस्त्रींना थांबवलं. तुम्ही सगळ्यांनी नंतर ह्या माणसाला खलनायक करून टाकलंत. मलाही राग आहे. अजूनही सणाची वाटी जाते-येते, पण बोलणं नाही. तरी त्यांच्या बाजूच्या खोलीत त्यांचा नातू झोपतो आणि 1993 त्यांनीही गल्लीतच काढलंय. घाबरायला कारण नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

ताडपत्री बांधून आम्ही कागदांच्या मागे लागलो, आणि परतीच्या पावसानं गाठलं. रात्री अकराच्या पुढे वारा सुटला. ताडपत्रीचा एक कोपरा सुटला, मी शिडीवर चढून तो धरला, खाली आई बॅटरी घेऊन उभी. मागच्या खणात जा म्हटलं तर जाईना. "पाऊस यायलाय तो यायलाय, तू खाली उतर," एवढंच परत परत. मी घमेली, पातेली मांडत होते, जमिनीवर पडणारं पाणी उपसत होते, शहाबादी फरशी पुसत होते. पण त्या पाण्याची काळजी करायचं कारणच नव्हतं. काढलेल्या तुळईच्या खोबणीतून, भिंतीच्या उघड्या माथ्यावरून, पाणी सरळ भिंतीच्या आत उतरत होतं, आणि ते दिसत नव्हतं.

सकाळी लख्ख ऊन. खोली पुसून कोरडी केली, आईनं चहा केला, मी धाकट्याला फोनवर "निभावलं" असंही सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री सहज आले. भिंतीकडे बघत राहिले, मग खिशातून ओळंबा काढून सोडला. भिंत मध्यावर दोन बोटं पुढे आलेली. भिंतीला पोट आलं होतं. ते मोठ्यानं काहीच बोलले नाहीत. आत सामान आवरणाऱ्या दोन पोरांना तेलुगूत हळूच बाहेर बोलावलं, मग मला म्हणाले, "अक्का, आता ही माती धरत नाही. कॉलम घ्या, स्लॅब टाका. नाहीतर मी हात लावणार नाही."

मी "टाका" म्हणाले. कुणाला फोन केला नाही. तुमचा खरा राग ह्याच्यावर आहे, माळवदावर नाही, हे मला कळतं. विचारायला हवं होतं असं धाकटा अजून म्हणतो. विचारलं असतं तर तुम्ही वाचून पाठवलं असतंत.

अर्थात सही पाडव्याला आली असती तर माळवद वाचलं असतं, असंही मी शपथेवर सांगणार नाही. तुळई पोकळ होतीच. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधूनही सापडला नव्हता, आणि कोपरे बांधून ती भिंत किती टिकली असती, कोण जाणे. मला एवढंच म्हणायचंय की तो निर्णय एका दुपारी ओळंब्याखाली झाला. तुम्ही मात्र असं विचारता, जणू मी कॅटलॉग बघून स्लॅब निवडली.

पुढचं थोडक्यात. शेजारच्या काकांच्या बाजूलाही नवी भिंत बांधून दिल्यावर हरकत मागे घेतली गेली. नोव्हेंबरात स्लॅब टाकून झाली. नव्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवून ठेवावं लागतं, आणि आपल्या नळाला काही दिवसांआड पाणी. टँकर आणावे लागले. तो खर्च मी तुमच्याकडे मागितला नाही, इथेही मागत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात धाकट्याशी भांडताना म्हटलं होतं ते सगळं खरं ठरलं. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री दोनपर्यंत आग ओकते. वर चुना मारला, पोती भिजवून टाकली, थोडा फरक पडला. आई पहिल्याच आठवड्यात गादी उचलून मागच्या दोन खणांत गेली, जिथे माळवद अजून आहे. तुम्हीही मे महिन्यात आलात की तिथेच झोपता. मुलं फोटो काढतात, तुम्ही म्हणता, "हे तरी ठेवलंस, बरं केलंस."

तिथेही वर तेवढीच माती आहे आणि खाली तसलीच भिंत. तुळया अजून धड आहेत, मिस्त्रींनी सळई लावून बघितल्या. माती हलकी करायची असेल तर फेब्रुवारीत सुरू करून मिरगाच्या आत खण झाकायला हवा, असं ते म्हणतात. संमतीचा नवा कागद मी तयार करून ठेवलाय, एकाच पानाचा आहे. संक्रांतीला येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणा. आत्याला यायला जमणार नसेल तर तिच्या सहीचं काय करायचं, ते आधी कळवा.