तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फ लवकर वितळला तर पक्ष्यांचं बरंच ना?

स्वालबार्डचे, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांचे, फोटो दाखवून झाले की चहाच्या वेळी कुणीतरी हे विचारतंच. ‘हो’ म्हटलं की तुम्ही खूश, ‘नाही’ म्हटलं की हळहळता, आणि ‘पक्ष्यावर अवलंबून आहे’ म्हटलं की, ‘म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही!’ ठाऊक आहे हो. एका शब्दात मावत नाही, त्याला मी काय करू?

मी घरटी मोजायला मदतनीस म्हणून गेले, त्या वर्षी बर्फ हटायलाच तयार नव्हता. तिथल्या कोंग्सफियोर्ड या खाडीतल्या बेटांवर अंगणाएवढे काळे तुकडे तेवढे उघडे, आणि त्यांवर बार्नेकल हंसांच्या माद्या दाटीवाटीने बसलेल्या. स्कॉटलंडहून निघून, वाटेत नॉर्वेत चरून या माद्या अंगावर चरबी घेऊन येतात. जमीन उघडी पडेपर्यंत ती चरबी झिजत राहते. काही माद्या त्या वर्षी अंडी घालतच नाहीत. ज्या घालतात त्या जवळपास 25 दिवस जेमतेम चरून उबवत बसतात.

अशा एकीच्या मी फार जवळ गेले. चुकून नव्हे. अंडी नीट दिसत नव्हती आणि मला रकाना रिकामा ठेवायचा नव्हता. मादी स्वतःहून उठते तेव्हा अंड्यांवर मऊ पिसं ओढून जाते. माझ्यामुळे उठली तेव्हा तिला तेवढा वेळ मिळाला नाही. चार अंडी, मळकट पांढरी, उघडी. मी ‘4’ लिहिलं. वीसेक पावलं गेले असेन, तोच एक मोठा कुरव, अंडी पळवणारा समुद्रपक्षी, उतरला. नर मान ताणून त्याच्या अंगावर धावला, तेवढ्यात मागून दुसरा कुरव आला. थोड्या वेळाने मादी परतली आणि रिकाम्या घरट्यात बसली. वहीतला ‘4’ मी खोडला नाही. मोजली तेव्हा चारच होती, असं स्वतःला सांगितलं. अजून सांगते.

परतल्यावर मी सांगत सुटले, बर्फ उशिरा गेला म्हणून पिल्लं झाली नाहीत. सोयीचं होतं, त्या गोष्टीत माझे बूट नव्हते.

आज त्या बाईला, तेव्हाच्या मलाच, मी विचारीन, मग रशियाच्या उत्तर टोकाला तैमिरला घरटी करणाऱ्या रेड नॉट तुतवारांचं, त्या चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांचं, काय? तिथे बर्फ लवकर जातो, किडे आधी येऊन सरतात, पिल्लं मागून जन्मतात. खुजी, आखूड चोचीची. हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या चिखलात त्यांची चोच खोलवरच्या शिंपल्यांपर्यंत पोचत नाही. ती म्हणेल, 2018 साली ईशान्य ग्रीनलंडमध्ये, झॅकनबर्गला, जुलैच्या अखेरीसही बर्फ होता आणि त्या वर्षी पिल्लं जवळजवळ झालीच नाहीत. तेही खरं. आणि आमचे हंस? वसंत लवकर आला की त्यांची अंडी वाढतात, पिल्लंही जास्त निघतात, आणि उडायला शिकायच्या आत कोल्हे त्यांतली बरीच उचलतात.

तेव्हा पुन्हा विचाराल तर आधी पक्षी सांगा, जागा सांगा, वर्ष सांगा. आणि ती चार अंडी कुठल्या खात्यावर मांडू तेही सांगा: उशिराच्या बर्फाच्या, की माझ्या?