अडीचशे तास

रविवार, रात्री दीड

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. 'हूप ड्रीम्स' ही बास्केटबॉलवरची अमेरिकन डॉक्युमेंटरी पुन्हा पाहिली, तिसऱ्यांदा. 170 मिनिटांची आहे. मधे एकदा चहा टाकायला उठलो, तेवढंच.

बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या शाळेत त्या रिंगवर पीटीचे सर ओले टॉवेल वाळत घालायचे. तरी ही फिल्म मला सोडत नाही.

शिकागोतल्या गरीब वस्त्यांमधली दोन काळी पोरं, विल्यम गेट्स आणि आर्थर एजी. दोघंही चौदा वर्षांचे. सेंट जोसेफ नावाच्या खासगी शाळेनं दोघांना खेळासाठी उचललं. बास्केटबॉलचा मोठा स्टार आयझाया थॉमस त्याच शाळेचा, त्यामुळे पोरांच्या डोळ्यांपुढे तोच. दीड तास जायला, दीड तास यायला. स्टीव्ह जेम्स, फ्रेडरिक मार्क्स आणि कॅमेरा सांभाळणारा पीटर गिल्बर्ट यांना खरं तर अर्ध्या तासाची फिल्म करायची होती, गल्लीतल्या बास्केटबॉलवर. खर्च परवडावा म्हणून शूट केलं व्हिडिओवर. त्या अर्ध्या तासाची पाच वर्षं झाली आणि फुटेज झालं अडीचशे तास.

हा आकडा मला टोचतो. माझ्या कपाटात एक हार्ड डिस्क पडून आहे. तिच्यात एकेचाळीस तास आहेत. ते नंतर.

आर्थरची फी थकली तशी शाळेनं त्याला काढलं. तो घराजवळच्या मार्शल नावाच्या सरकारी शाळेत गेला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, एक कॅरेक्टर गळालं, आता विल्यमवर लक्ष देऊ. हे तिघं मात्र आर्थरच्या मागोमाग मार्शलमध्ये गेले. पुढे त्याच मार्शलची टीम राज्यात तिसरी आली, पण काढलं तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? तिकडे विल्यमचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं. तरी कॅमेरा तिथंच, त्याच्या घरात, त्याच्या गप्प बसण्यावर.

आणि आर्थरची आई. नाव शीला, त्यामुळे मला ती उगाचच आमच्या चाळीतली वाटते. नवरा घर सोडून गेलेला, पदरात पोरं. महिन्याला 268 डॉलरमध्ये घर कसं चालवते, असं कधी विचारावंसं वाटतं का, हे ती थेट कॅमेऱ्यामागच्यांनाच विचारते. घरातली वीज तोडलेली असते. ती परत जोडून घ्यायला फिल्मवाल्यांनी पदरचे पैसे दिले, हे त्यांनी नंतर सांगितलं. आमच्या धंद्यात याला चूक म्हणणारे भेटतील, विषयाशी अंतर ठेवायला हवं वगैरे. पोरं अंधारात बसलीत आणि आपण एक्स्पोजर बघतोय, ते अंतर मला तरी नको.

मी दर वेळी मागे नेऊन बघतो तो सीन खेळाचा नाहीच. शीला नर्सिंग असिस्टंटचा कोर्स पुरा करते, वर्गात पहिली येते. समारंभाला माणसं किती, तर बऱ्याचशा खुर्च्या मोकळ्याच. निकाल ऐकल्यावर ती आधी आनंदानं ओरडते आणि मग तिला रडू फुटतं. पाच वर्षांत फिल्मवाले एकदाही दमून घरी गेले असते, तर हा दिवस नेमका हुकला असता.

1994 साली सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला प्रेक्षकांचं बक्षीस मिळालं. ऑस्करला मात्र डॉक्युमेंटरीच्या यादीत नावच नाही, फक्त एडिटिंगचं नामांकन. तिथल्या कमिटीत म्हणे फिल्म नको वाटली की अंधारात टॉर्च लावायचे, आणि पुरेसे टॉर्च लागले की बंद. एवढा गहजब झाला की पुढे निवडीचे नियम बदलावे लागले. असो. बक्षिसांचं मला फारसं नाही.

दोघांपैकी कुणीच एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, खेळला नाही. विल्यम पाद्री झाला. त्याचा भाऊ कर्टिस, जो स्वतःचं हुकलेलं विल्यममध्ये बघायचा, 2001 साली गोळीबारात गेला. आर्थरच्या वडिलांचा 2004 मध्ये खून झाला. हे माहीत असताना फिल्म बघणं वेगळंच होतं. बाप-लेक कोर्टवर खेळतात तो सीन आज धड बघवला नाही.

तर ती डिस्क. सात वर्षांपूर्वी कोल्हापूरकडच्या एका तालमीत एका पोराला शूट करत होतो. पहाटेचे जोर, माती उकरणं, वस्तादांच्या शिव्या, बदाम वाटणारी आई, सगळं. मग त्याच्या गुडघ्याची लिगामेंट फाटली. मी दवाखान्यात गेलो, केळी आणि सफरचंदं दिली, बॅग उचलली आणि पुण्याला आलो. मित्रांना सांगितलं, "फिल्म गेली." पोराचा गुडघा गेला होता. मी म्हणत होतो, फिल्म गेली.

मंगळवार

फोन केला. नंबर तोच निघाला.

"कोण, दादा? जित्ते हाईसा व्हय!"

आता दुधाचा टेम्पो चालवतो. गुडघा पावसाळ्यात दुखतो म्हणाला. मी बराच वेळ आडवळणानं बोललो, मग विचारलं, राहिलेलं शूट करूया का. पलीकडे शांतता.

"आता काय शूट करणार दादा? दुधाचं कॅन?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात तोच म्हणाला, "तुम्ही लग्नाची शूटिंगं करता नव्हं? वैशाखात माझं हाय. काय घेता?" पोटापाण्यासाठी तेच करतो, हे त्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. म्हटलं, तुझ्याकडून काय घेणार. तर चिडला. "फुकट नगो. रेट सांगा." सांगितला. त्यानं हजार रुपये पाडून घेतले. वर म्हणाला, "आणि त्यात कुस्तीचं कायबी घालू नका."

रात्री दहाला व्हॉट्सॲप आला. 'दादा ती जत्रेतली कुस्ती आसंल तर पाटवा. पोरीकडच्यांना दावायची हाय.'

डिस्क लावली आहे. आधी दिसलीच नाही, केबल बदलल्यावर उघडली. कॉपी चाललीय, अकरा टक्के.