एका थेंबात सगळं कधी? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, सोसायटीच्या जिन्यात, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं: "एका थेंबात सगळे आजार सांगणारी चिप कधी येणार? साखर घरी मोजता येते, मग बाकीचं का नाही?"

साखर मोजता येते कारण ती रग्गड असते, लिटरमागे साधारण एक ग्रॅम. हृदयासाठी बघतात त्या ट्रोपोनिन-टी या प्रथिनाची निरोगी माणसातली वरची मर्यादा लिटरला 14 नॅनोग्रॅम. साखरेचा सात कोटीवा हिस्सा. तो शोधायचा कशात, तर लिटरला चाळीसेक ग्रॅम अल्ब्युमिन हे दुसरं प्रथिन असलेल्या द्रवात, आणि अल्ब्युमिन दिसेल तिथे चिकटतं.

हे वाचून माहीत होतंच. आम्ही प्रयोगशाळेत अशीच चिप बनवतो; तिच्यावर आठ ठिपके होते. सातांवर वेगवेगळ्या अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिन पकडणारे रेणू, आठवा मुद्दाम कोरा, काहीच पकडू नये म्हणून. बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणात, आलेख असे देखणे यायचे की भिंतीवर लावावेत. मग एका रुग्णालयातून नावं झाकलेले सीरमचे (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) नमुने आले, सोबत तिथले हृदयरोगतज्ज्ञ, हौसेने. पहिला नमुना घातला आणि आठही ठिपक्यांनी सिग्नल दिला. कोऱ्यानेसुद्धा. दुसरा, तिसरा, तेच. चिप बदलली. सीरम दहापट पातळ केलं, तेव्हा कोरा गप्प झाला, पण ट्रोपोनिनही गप्प. हृदयरोगतज्ज्ञ सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग अगदी साधेपणाने म्हणाले, "यातला आजारी कोण, मॅडम?" चेष्टा केली असती तर परवडलं असतं. सगळ्यात मोठा सिग्नल एका ठणठणीत माणसाचा होता.

म्हणून काहीच होत नाही असं नाही हं. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या रक्तचाचणीला मंजुरी दिली. पण मार्कर (आजाराची खूण म्हणून रक्तात शोधायचे रेणू) दोनच, रक्त शिरेतलं, यंत्र प्रयोगशाळेतलं, आणि लक्षणं असलेल्या पंचावन्नच्या पुढच्यांसाठी.

आणि वीस मार्कर एका चिपवर जमले तरी? प्रत्येक चाचणीत शंभरातले पाच निरोगी लोक हद्दीबाहेर पडतात असं धरा. वीस स्वतंत्र चाचण्यांत 100 पैकी 64 धडधाकट माणसांना काहीतरी निघणारच. त्यांची समजूत कोण काढणार, चिप?

कधीकाळी एका व्याख्यानात मी "अशी चिप पाच वर्षांत" म्हणाले होते. तेव्हाच्या त्या मुलीला, म्हणजे मलाच, झापावंसं वाटतं. ती म्हणते, तसं बोलले नसते तर निधी कोणी दिला असता? तिचं पटत नाही, खोडताही येत नाही.

सध्या आम्ही चार ठिपक्यांवर आलोय. कोरा धरून.