डीपडेल : प्लंबरच्या गावातलं मैदान

मँचेस्टरला उतरलेला मराठी माणूस मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला जातो. मी सकाळच्या गाडीने प्रेस्टनला गेले. पाऊण तासाचा प्रवास. ज्या मैत्रिणीकडे राहिले होते तिने दोनदा विचारलं, "अगं, तिथे काय आहे?" तिथे प्रेस्टन नॉर्थ एंड आहे. इंग्लंडची पहिली फुटबॉल लीग जिंकणारा संघ.

स्टेशनातून बाहेर पडलं की फिशरगेटचा बाजार लागतो, आणि पुढे अर्ध्या तासाच्या चालीवर डीपडेल. वाटेत लाल विटांची एकमेकांना खेटलेली घरं. एका भाजीच्या दुकानापाशी दोन आज्या मेथीच्या जुडीवरून चक्क गुजरातीत बोलत होत्या. लँकेशायरच्या गिरण्यांत काम करायला आलेली गुजराती कुटुंबं या गावात पिढ्यान् पिढ्या आहेत. सूतकताईचं यंत्र आणणारा रिचर्ड आर्कराइटही इथलाच. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, त्यामुळे हे गाव मला पहिल्या तासातच ओळखीचं वाटू लागलं.

क्लबची गोष्टही गिरणीतूनच सुरू होते. विल्यम सडेल हा इथल्या कापड गिरणीचा मॅनेजर. क्लब मुळात क्रिकेटचा. 1875 मध्ये डीपडेलची जागा भाड्याने घेतली आणि 1880 पासून फुटबॉल हाच मुख्य खेळ झाला. सडेलने स्कॉटलंडहून उत्तम खेळाडू आणले, त्यांना गावात नोकऱ्या लावून दिल्या, वर पैसे दिले. खेळाडूला गिरणीत चिकटवून संघात घ्यायचं, हे लालबाग-परळच्या कबड्डीत आम्ही ऐकतच मोठे झालो. पण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये खेळासाठी पैसे घेणं नियमाबाहेर होतं. 1884 मध्ये लंडनच्या अप्टन पार्क संघाने तक्रार केली, सडेलने पैसे देत असल्याचं उघड मान्य केलं, आणि प्रेस्टनला एफए कपातून, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या (एफए) बाद पद्धतीच्या स्पर्धेतून, बाहेर काढलं.

मला सडेलची बाजू पटते. ज्याच्या घरी शेतीवाडी आणि दिवाणखाना आहे त्याने हौसेसाठी खेळावं. पण सामन्यासाठी ज्याचा खाडा होतो, त्याची चूल कशी पेटायची? उत्तरेतले क्लब वेगळी संघटना काढायला निघाले, तेव्हा कुठे जुलै 1885 मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली.

पुढचं सगळं झपाट्याने घडलं. 1887 मध्ये हाइड संघावर 26-0 असा विजय. एफए कपातला तो विक्रम आजही तसाच आहे. 1888 मध्ये बारा संघांची लीग सुरू झाली. प्रेस्टनने 22 सामन्यांत 18 जिंकले, 4 बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. त्याच हंगामात अख्ख्या स्पर्धेत एकही गोल न खाता एफए कपही आणला. लोक त्यांना 'इन्व्हिन्सिबल्स', म्हणजे अजिंक्य, म्हणू लागले. पुढच्या वर्षी लीग पुन्हा जिंकली. त्यानंतर आजतागायत नाही.

सडेलचा शेवट वाचून मात्र गलबलून येतं. गिरणीचे पैसे क्लबकडे वळवल्याबद्दल 1895 मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

मैदानाबाहेर एक पुतळा आहे, आणि मी खरी त्याच्यासाठीच आले होते. पाण्याचे फवारे दोन्ही बाजूंना उडताहेत आणि त्यातून घसरत, तोल सावरत एक खेळाडू चेंडू घेऊन निघालाय. हा प्रेस्टनचा खेळाडू टॉम फिनी. 1956 मध्ये चेल्सीच्या मैदानावर पाणी साचलेलं असताना टिपलेल्या छायाचित्रावरून तो घडवलाय. फिनी जन्मला तो इथून हाकेच्या अंतरावर. वडिलांनी बजावलं, आधी हातात कसब घे, मग फुटबॉल. म्हणून तो प्लंबिंग शिकला, आणि इंग्लंडकडून 76 सामने खेळला तरी ते काम त्याने सोडलं नाही. 'प्रेस्टन प्लंबर' हे त्याचं नाव गावाने अभिमानाने लावलं.

सोडणं परवडणारंही नव्हतं. खेळाडूंच्या पगाराला इंग्लंडमध्ये कमाल मर्यादा होती. त्याच्या अखेरच्या हंगामांतही आठवड्याला 20 पाउंड, त्याहून एक पैसा जास्त नाही. 1952 मध्ये इटलीच्या पालेर्मोने त्याला करारावर सही करण्यासाठी 10,000 पाउंड, शिवाय बंगला आणि गाडी देऊ केली. क्लबने जाऊ दिलं नाही. खेळाडूला मोबदला मिळावा म्हणून ज्या क्लबने स्पर्धेतून हकालपट्टी सोसली, त्याच क्लबने हे करावं, याचं मला फार वाईट वाटलं. पुतळ्यापाशी उभी राहून मी ती रक्कम पुन्हा पुन्हा मनात मोजत होते.

मोठ्या पदकांनीही त्याला हुलकावणीच दिली. 1953 मध्ये आर्सेनल आणि प्रेस्टनचे गुण समान, केवळ गोल-सरासरीच्या (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) सूक्ष्म फरकाने लीग हुकली. 1954 मध्ये एफए कपाची अंतिम फेरी 3-2 अशी गमावली.

याच मैदानावर 1917 च्या नाताळच्या दिवशी 'डिक, कर' नावाच्या कारखान्यातल्या कामगार मुली जखमी सैनिकांसाठी निधी जमवायला खेळल्या. पुढे त्यांचे सामने पाहायला इतकी गर्दी लोटू लागली की 1920 मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर 53,000 लोक होते. वर्षभरातच एफएने सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या फुटबॉलला बंदी घातली. ती उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. या मुलींबद्दल मला स्वतंत्र लिहायचंय.

दुपारी भूक लागली तेव्हा बटर पाय खाल्ला. बटाटा, कांदा आणि भरपूर लोणी. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या इथल्या कॅथलिक घरांतला पदार्थ, आणि शाकाहारी पाहुणीला अगदी सोयीचा.

परतताना पुन्हा पुतळ्यावरून गेले. फिनीने 1960 मध्ये बूट उतरवले. जानेवारी 1961 मध्ये पगाराची मर्यादा रद्द झाली. त्याच हंगामाच्या शेवटी प्रेस्टन वरच्या श्रेणीतून खाली घसरला, तो अजून परत चढलेला नाही. एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन फवाऱ्याजवळ आले होते. मुलाने पाण्यात हात घातला, आणि आजोबा त्याला सांगू लागले, हा कोण ते.