ब्रुनोची फेरी

परवा दुपारी मखमलाबाद रोडवर धनगराचा कळप आडवा आला. पुढे घोडा, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. स्कूटर बंद करून उभी राहिले. त्या घाईगर्दीत कळपातला कुत्रा मात्र मान खाली घालून मागून चालला होता. मेंढ्यांशी त्याचं काही देणंघेणंच नसावं.

सिन्नरकडे मामाच्या रानात कांदा निघाला की मेंढ्या बसवायचे. त्यांच्याबरोबर वाघ्या यायचा. दिवसभर बाभळीखाली घोरत पडलेला. चित्रातला मेंढपाळाचा कुत्रा कसा धावतो! म्हणून मी धनगरबाबांना विचारलं, "हा मेंढ्या वळत नाही का?" ते म्हणाले, "वळायला आम्ही हायेत ना. ह्यो राखायला हाये." रात्री लांडग्याच्या वासाने वाघ्या उठला की मामाच्या घरातली माणसंसुद्धा उठून बसायची.

वळणारा वेगळा, राखणारा वेगळा. एवढं साधं कुणी सांगत नाही, आणि नावं तर सगळा गोंधळच करतात. ऑस्ट्रेलियन शेफर्ड ही जात घडली अमेरिकेत. कॉर्गी म्हणजे वेल्श भाषेत ठेंगू कुत्रा. गुरांच्या टाचांना चावे घेत हाकायचा, आणि गाईने लाथ झाडली तरी ती डोक्यावरून जायची. बॉर्डर कोलीचं नाव तेवढं खरं बोलतं, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा. तो भुंकत नाही म्हणे, नुसता डोळे रोखून मेंढीला हलवतो. आमच्या शाळेतल्या एका बाईंना हे जमायचं.

आणि अल्सेशियन! आमच्या वडिलांच्या तोंडी अजून तोच शब्द. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांना कुत्र्याच्या नावातही जर्मनी नकोशी झाली, म्हणून त्याला फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या अल्सास प्रांताचं नाव चिकटवलं. ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या संस्थेने, 'जर्मन शेफर्ड' पुन्हा मान्य केलं ते 1977 मध्ये. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आता काय करू? लहानपणापासून अल्सेशनच म्हणतोय."

आमच्या सोसायटीत एक आहे, ब्रुनो. जन्मात मेंढी पाहिलेली नाही. मटणाच्या रूपात पाहिली असेल तेवढीच. संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलं सायकली फिरवतात तेव्हा तो कडेकडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, वळतो, परत येतो. तास तास. मालकीणबाईंना वाटतं त्याला कंटाळा आलाय, जागा पुरत नाही.

मला मात्र एक वाचलेलं आठवतं. जर्मनीत कुंपण नसलेल्या शेतांमधून मेंढ्या चारताना या कुत्र्यांचं काम हेच असायचं: पिकाच्या कडेने येरझारा घालायच्या, म्हणजे कुणी मेंढी पिकात शिरत नाही. चालतं कुंपणच.

परवा कळप पाहून घरी आले तेव्हा ब्रुनोची फेरी चालूच होती. तिसऱ्या मजल्यावरचा बंटी चेंडूमागे गेटकडे पळाला. ब्रुनो त्याला आडवा आला. बंटी रडत परत फिरला, त्याची आई बाल्कनीतून ओरडली, "अहो, तुमचा कुत्रा अंगावर येतो!"

मी काही बोलले नाही. काय सांगणार, तुमचं पोर मेंढी आहे म्हणून?