ऑक्टोबरात हरणे जातात कुठे? विस्कॉन्सिनमधील तिसऱ्या हंगामाची नोंद

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील नैऋत्येकडच्या डोंगराळ भागात, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात लावलेल्या, प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या माझ्या तीन कॅमेऱ्यांचा हा तिसरा हंगाम. मागील दोन्ही वर्षी ‘ऑक्टोबरात हरणे नाहीशी होतात’ असे मी वहीत लिहून ठेवले होते आणि येथील जुने शिकारीही या महिन्याला मंदीचाच महिना मानतात. यंदा मात्र एकच कॅमेरा सोयाबीनच्या बांधावर ठेवून उरलेले दोन मी टेकडीच्या धारेवरील ओकच्या झाडीत हलवले.

सप्टेंबरच्या आरंभी पांढऱ्या शेपटीची ही हरणे शेतातच होती. शिंगांवरील मखमली कातडी गळेपर्यंत एकत्र चरणारे नर ती गळताच पांगले. महिनाअखेरीस सोयाबीनची पाने पिवळी पडली, व्हाइट ओकची फळे गळू लागली आणि बांधावरचा कॅमेरा ओस पडला. त्याच दिवसांत धारेवरच्या कॅमेऱ्यांत मात्र भर दुपारीही हरणे येऊ लागली. या फळांत टॅनिन कमी असल्याने ती रेड ओकच्या फळांइतकी तुरट लागत नाहीत, म्हणून हरणे आधी त्यांच्यावर तुटून पडतात. मंदी हरणांच्या वावरात नव्हती, माझा कॅमेरा चुकीच्या जागी होता.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पायवाटेलगत पहिली उकरलेली जागा सापडली. पालापाचोळा बाजूला सारून परातीएवढी उघडी केलेली ओली माती, तिच्यात रुतलेला एकच खूर आणि बरोबर वर, चावून मोडलेले फांदीचे टोक. नर त्या फांदीवर आणि मातीत आपला गंध सोडून जातात.

नर थंडीमुळे माजावर येतात असा समज आहे. थंडीत ते दिवसा अधिक हिंडतात हे खरे, परंतु माजाचा काळ ठरतो तो दिवस लहान होत जाण्यावरून, त्यामुळे येथे तो दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्यासच येतो. ताडोब्यात कोणत्याही महिन्यात पक्की शिंगे असलेला चितळ पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा काटेकोरपणा नवलाचा वाटतो.

याच सुमारास मी एक घोळ घातला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, येथे उन्हाळ्यापुरती पुढे केलेली घड्याळे एक तास मागे गेली, पण कॅमेऱ्यांची वेळ बदलायचे राहून गेले. सूर्यास्त पावणेपाचचा आणि नराच्या छायाचित्रावर वेळ ५:२०, तेव्हा तिरंदाज शिकाऱ्यांच्या वर्दळीने तो अंधारातच हिंडू लागला असा निष्कर्ष मी काढला. अंधारात हे कॅमेरे कृष्णधवल छायाचित्र काढतात, हे तर रंगीत आहे, म्हणजे त्या वेळी उजेड होता आणि खरी वेळ ४:२० होती, हे ध्यानात यायला आठवडा गेला.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या अमेरिकी सणाच्या, आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू झाला. मी शिकारी नसलो तरी या दिवसांत भडक नारिंगी जाकीट घातल्याशिवाय रानात पाऊल टाकत नाही. पहिल्या पहाटेनंतर धारेवर उजेडातले एकही छायाचित्र नाही, रात्रीची मात्र आहेत. दिवसा हरणे ओढ्याकाठच्या दाट झुडपांत दडत असावीत. हंगाम संपताच बांधावरचा कॅमेरा तेथे नेऊन बांधला आहे, या वेळी घड्याळ लावून. त्याचे कार्ड डिसेंबरअखेर काढीन.